छत्रीच्या आठ काड्या

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तो छत्रीचा कृष्णधवल फोटो आठवतो ना? भिजलेली भिंत आणि तिला टेकवलेली उघडी काळी छत्री. रात्री दिव्याखाली छापला, खूश होऊन झोपलो, आणि सकाळी खिडकीपाशी नेला तर राखाडी भिंतीवर शेवाळासारखी हिरवी झाक! कागद बदलला, कार्ट्रिज बदललं, प्रिंटरला शिव्या घातल्या. शेवटी वाया गेलेल्या प्रिंटचं भेंडोळं घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही एक प्रिंट खिडकीत धरलीत, मग दिव्याखाली, मग पुन्हा खिडकीत. बोलला काहीच नाहीत, नुसतं भिंग हातात दिलंत. मला जिथे राखाडी दिसत होतं तिथे निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दाटले होते. ‘हा राखाडी नव्हे, ही जत्रा आहे,’ म्हणालात.

रंगीत शाया मिसळून जुळवलेला राखाडी उजेड बदलला की पक्ष बदलतो, हे त्या दिवशी कळलं. प्रिंटरच्या सेटिंगमधला कृष्णधवल पर्याय मी तोवर उघडूनही पाहिला नव्हता. त्यात बहुतेक काम काळी आणि तिच्या फिकट बहिणी करतात; रंगीत शाई लागते ती टोन जरा उबदार किंवा थंड करण्यापुरती. फिकट काळ्या कशाला हव्यात, हेही तुम्ही छापूनच दाखवलंत. एकट्या गडद काळीने आभाळ छापलं, तर त्यावर कुणी मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसत होतं.

पुढची चूक माझी एकट्याची. जाड सुती कागद आणला आणि चकचकीत कागदासाठीची फोटो ब्लॅक तशीच ठेवली. काळा कसला, पाटी पुसल्यासारखा करडा उतरला. तुम्ही बिनचमकीच्या कागदासाठीची मॅट ब्लॅक घालायला लावलीत, आणि पहिल्यांदा छत्री छत्रीसारखी काळी दिसली. पण काड्या गायब! मग तुम्ही पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापायला सांगितलीत. शेवटच्या चार पायऱ्या माझ्या डोळ्यांना एकच दिसत होत्या, आणि काड्या नेमक्या त्याच अंधारात अडकल्या होत्या. मॅट कागदाचा काळा चकचकीत कागदाइतका खोल जात नाही; तेव्हा शाई वाढवून भागणार नव्हतं, फाईलमध्येच सावल्या उचलायच्या, म्हणजे गडद भाग जरा उजळायचे होते. डार्करूममध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस हे मला माऊस हातात न घेता शिकवत होता. तुम्ही स्वतः करून दिलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. तुम्ही अख्खी दुपार घालवलीत.

मग मी दोन महिने प्रिंटरकडे फिरकलो नाही आणि नोझलच्या, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक भोकांच्या, तपासणीत निम्म्या रेघा तुटक आल्या. तेव्हा तुम्ही दिलेली उपमा मी आता सगळ्यांना ऐकवतो: डाय शाई म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर, माझ्या प्रिंटरमधली पिगमेंट शाई म्हणजे गढूळ पाणी. कण तरंगत असतात, पडून राहिले की तळाशी बसतात, आणि हेडच्या तोंडाशी शाई सुकली की वाट बुजते. शिवाय सारखं क्लीनिंग चालवू नकोस, ती सगळी शाई आत स्पंजात जाते, असंही बजावलंत. आता आठवड्याला एक पान छापतोच, काही नसेल तर तीच २१ पायऱ्यांची पट्टी. एवढी कटकट का सोसायची, असं कुणी विचारलं की तुमचंच उत्तर देतो: काळ्या शाईत कार्बन असतो, आणि उजेडात टिकण्यात त्याचा हात धरणारं रंगद्रव्य शोधून सापडत नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकणार नाही. चकचकीत कागदावर तुमचा राग आहे. तिरकं धरलं की काळ्यावर तांब्यासारखी झाक येते, हे कबूल. तरी रात्रीच्या फोटोंना मला तोच खोल काळा हवा असतो. भांडू या कधीतरी.

परवा छत्री पुन्हा छापली. छापण्याआधी कागदावरून मऊ ब्रश फिरवला. मागच्या वेळी एक धागा शाईसकट गळून पडला होता आणि भिंतीवर पांढरा ठिपका राहिला होता. प्रिंट दिव्याखाली पाहिली, सकाळी खिडकीत पाहिली. भिंत भिंतच राहिली. भिंग लावून काड्या मोजल्या, आठच्या आठ आहेत.

तुमची प्रत वेगळी काढली आहे. २४ तास उघडी सुकू दिली, मागे पेन्सिलीने कागदाचं आणि शाईचं नाव लिहिलं. रविवारी घेऊन येतो. भिंग तयार ठेवा.

तुमचा,
जत्रेवाला