आडनावातली चार अक्षरं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेल गाळण्यावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. शब्दांची यादी एकदा नीट केली की नको ती मेल आपोआप अडते म्हणे. लेखकाचं आडनाव मी मुद्दाम पुन्हा पाहिलं. छोटं, निर्धोक आहे. माझं दीक्षित आहे.

वडिलांनी शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत ते 'एक्स'ने न लिहिता 'के-एस-एच'ने लिहिलं. तेच पॅनकार्डावर, तेच पासपोर्टवर. त्यातली शेवटची चार अक्षरं सुटी वाचली तर तान्हं मूल दुपट्यात जे करतं ते होतं, हे मला वयाच्या 64व्या वर्षी एका विमा कंपनीच्या सर्व्हरने कळवलं. सौ.च्या मोतीबिंदूची बिलं तीनदा पाठवली; तिन्ही वेळा 'आक्षेपार्ह मजकूर' म्हणून परत. मजकूर काय, तर बिलं आणि खाली माझं नाव! कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, "सर, आडनाव न घालता पाठवून बघा ना." पाठवलं. उत्तर आलं: अर्जदाराचं पूर्ण नाव नाही, दावा विचारात घेता येत नाही.

1996 साली इंग्लंडातल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीत खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी निघाली. या घोटाळ्याला आजही त्या गावाचंच नाव आहे. लेखात त्याचं अवाक्षर नाही. शब्द सुटा आहे की दुसऱ्याच्या पोटातला, हे बघायला नियमात एक खूण पुरते. आपल्याकडे 'स्मरणिके'त 'मरण' सापडलं म्हणून कोणी सुतक पाळत नाही.

आणि ज्यांना अडवायचं ते? 'केवायसी करा, नाहीतर खातं बंद' ही मेल 'ओ'च्या जागी शून्य घालून रोज सकाळी सुखरूप येते. तिचं आडनाव सोज्ज्वळ असावं.

बिलं अखेर कुरियरने पाठवली. पोचली. हे पत्रही पोस्टानेच पाठवतो आहे. तुमच्याकडे कुठली यादी लावली आहे, कोण जाणे.

जाता जाता: रविवारच्या शब्दकोड्यात 14 आडव्याला चौकटी चार आणि सोमवारी छापलेलं उत्तर पाच अक्षरी. ते कोण गाळतं?

आपला,
दीक्षित (स्पेलिंग छापू नये),
पुणे