चलान मान्य नसणाऱ्याने जायचे कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील लोकअदालतीची बातमी वाचली. थकीत ई-चलाने मोठ्या संख्येने निकाली निघाल्याबद्दल आपण समाधान व्यक्त केले आहे आणि उरलेल्या वाहनधारकांनीही पुढच्या लोकअदालतीत दंड भरून मोकळे व्हावे, असा सल्ला शेवटी दिला आहे. ज्याला आपली चूक मान्य आहे, त्याच्यासाठी हा सल्ला योग्यच आहे. मात्र ज्याला ती मान्य नाही त्याने काय करावे, याबद्दल एवढ्या मोठ्या बातमीत एक ओळही नाही, आणि याच प्रश्नाने मला बराच काळ छळले असल्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले.

लोकअदालतीचे काम तडजोडीने चालते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील करता येत नाही. तडजोड झाली नाही तर प्रकरण जिथून आले त्या न्यायालयाकडे परत जाते. ‘मी हा गुन्हा केलेलाच नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाचे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवण्याचा अधिकारच तिथे नाही. त्यामुळे अशा माणसाला लोकअदालतीचा रस्ता दाखवणे म्हणजे त्याने आपले म्हणणे सोडून द्यावे असे सांगण्यासारखे आहे.

माझे प्रकरण थोडक्यात असे. अजनी परिसरातील एका चौकात लाल सिग्नलला माझी मोटार सर्वांत पुढे उभी होती. मागून मेडिकलकडे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे, निघालेली रुग्णवाहिका सायरन वाजवत आली. उजवीकडे दुभाजक, डावीकडे दुचाकींची दाटी. वाट द्यायची तर पुढे सरकण्याखेरीज दुसरा मार्गच नव्हता. मी थांबारेषा ओलांडून डाव्या कोपऱ्यात गाडी घेतली, रुग्णवाहिका निघून गेली आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत मी तिथेच थांबलो. काही दिवसांनी सिग्नल मोडल्याचे चलान मोबाइलवर आले. सोबतच्या छायाचित्रात लाल दिवा आहे, रेषेच्या पुढे गेलेली माझी गाडी आहे, तिचा क्रमांक स्वच्छ वाचता येतो. रुग्णवाहिका मात्र त्या चौकटीत कुठेही नाही.

आता कायदा पाहा. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४ई म्हणते की रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाट दिली म्हणून ५०० रुपये आणि दिली नसती तर १०,००० रुपये, अशा कात्रीत नागरिकाला उभे करणे कायद्याला अभिप्रेत असेल, असे मला वाटत नाही. चूक कायद्याची नाही. एका क्षणाच्या छायाचित्रावरून संपूर्ण घटनेचा निष्कर्ष काढणाऱ्या पद्धतीची आहे.

म्हणून मी त्या वेळचे आधीचे आणि नंतरचे चित्रीकरण मागितले. ते आता उपलब्ध नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये घातलेल्या नियम १६७अ नुसार घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची असते आणि कॅमेऱ्याने टिपलेली इलेक्ट्रॉनिक नोंद चलानाचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवायची असते. पुरावा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनीच तो राखला नाही, तर मी निर्दोष असल्याचे कशाच्या आधारे दाखवावे? आणि मुळात ते दाखवण्याची जबाबदारी माझ्यावर का यावी?

आपल्या नागपुरातच, काटोल मार्गावरील ‘न्यायकौशल’ केंद्रात, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते वाहतूक प्रकरणांसाठीच्या आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयाचे उद्घाटन झाले. त्याचा मला नागपूरकर म्हणून अभिमान आहे. तिथे दंड भरणे किंवा खटला लढवणे असे दोन पर्याय मिळतात आणि दंड भरणाऱ्याचे काम घरबसल्या होते. लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण नियमित न्यायालयाकडे जाते आणि तिथून माणसाची पायपीट सुरू होते: आपले प्रकरण नेमके कोणत्या दालनात आहे याची चौकशी, अर्धा दिवस रजा, नुसती हजेरी आणि पुढची तारीख. माझ्या तारखेला चलान पाठवणाऱ्या यंत्रणेकडून कोणीही आले नव्हते. व्हरांड्यात भेटलेल्या प्रत्येकाने, त्यात वकील मंडळीही आली, ‘पाचशे रुपयांसाठी कशाला त्रास घेता, कबूल करून टाका’ हेच सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु कबूल करणे म्हणजे मी सिग्नल तोडला असे न्यायालयापुढे सांगणे, आणि पुढे कधी असे चलान आले तर कलम १७७ नुसार तो दुसरा गुन्हा ठरून १,५०० रुपयांपर्यंत दंड होणे. जे मी केले नाही ते केले असे मी म्हणणार नाही. रक्कम पाच रुपये असती तरी म्हटले नसते.

याच ओघात आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. प्रकरण न्यायालयात असताना एका नाकाबंदीत मला अडवण्यात आले. हातातील यंत्रावर माझे चलान केवळ ‘थकीत’ म्हणून दिसत होते आणि ते तिथल्या तिथे भरावे असा आग्रह मागे बसलेल्या माझ्या वृद्ध आईसमोर बराच वेळ चालला. न्यायालयाची तारीख असलेला कागद दाखवल्यावरही, यंत्रात तशी नोंद नाही, एवढेच उत्तर मिळाले. ज्याने चलानाला न्यायालयात आव्हान दिले आहे आणि ज्याने ते नुसतेच भरलेले नाही, अशा दोघांत फरक दाखवणारी एक नोंद त्या यंत्रात करणे खरोखर इतके अवघड आहे का?

चलानाच्या संदेशातच छायाचित्राबरोबर काही सेकंदांचे चित्रीकरण जोडले, आणि आव्हान देणाऱ्यालाही पहिली सुनावणी घरून देता आली, तर माझ्यासारख्या अनेकांचा प्रश्न न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाणारच नाही. हे प्रशासनाने करायचे आहे. आपल्याकडून माझी मागणी एवढीच आहे की पुढच्या लोकअदालतीनंतर किती चलाने निकाली निघाली हा आकडा छापताना, नागपुरात त्या काळात किती जणांनी चलानाला आव्हान दिले आणि त्यांपैकी किती जण निर्दोष ठरले, हे आकडेही संबंधितांकडून मागवून त्याच बातमीत छापावेत.

आपला,
एक नियमित वाचक,
प्रतापनगर, नागपूर