‘आधी बँक कमी कर’ : स्टीप टर्न शिकवायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

स्टीप टर्न, म्हणजे उंची न सोडता विमान ४५ अंश कलवून घेतलेला पूर्ण गोल फेरा, मारता येणं वेगळं आणि डाव्या सीटवरच्या पोराला तो शिकवणं वेगळं. नागपुरात आज उजव्या सीटवर इन्स्ट्रक्टर म्हणून बसणारे आम्ही काही जण या दुसऱ्या गोष्टीसाठी तुमचे आभार मानायला लिहितोय.

पहिले आभार काचेवरच्या ठिपक्याचे. विद्यार्थी डाव्या वळणात उंची घालवतो, उजव्या वळणात चढतो, आणि इन्स्ट्रक्टर ‘नाक सांभाळ, नाक सांभाळ’ करत बसतो. सेसना १७२ या छोट्या विमानात दोघं शेजारी बसतात आणि विमान कलतं तो अक्ष दोघांच्या मधून जातो. विद्यार्थी काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) मध्याकडे बघतो. तो मध्य त्याच्या उजवीकडे असतो, त्यामुळे विमान डावीकडे कललं की नाक क्षितिजाच्या वर आल्यासारखं वाटतं आणि तो ते दाबतो. उजवीकडे कललं की नेमकं उलट. तुमचा इलाज साधा होता. सरळ उड्डाणात विद्यार्थ्याच्या डोळ्यासमोर जिथे क्षितिज येतं, तिथे पुसता येणाऱ्या मार्करने ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका काढायचा. विमान ४५ अंश कललेलं असताना क्षितिज त्या ठिपक्याच्या किंचित खाली दिसलं पाहिजे, डावीकडे वळा नाहीतर उजवीकडे. आणि हेच चित्र आपल्या सीटवरून उलटं दिसतं, तेव्हा स्वतःच्या नजरेने नाक मोजून त्याला सूचना देऊ नका, हे तुम्ही बजावलंत. उजव्या सीटवरून दिलेल्या निम्म्या चुकीच्या सूचना याच एका कारणाने जातात, असं आमचं मत आहे.

वळणात शिरण्याची पद्धत तुमचीच चालते. दोन्ही बाजूंना ९० अंशांची वळणं घेऊन आकाश तपासायचं, घारींसकट. वेग ९५ नॉट. आधी ३० अंशांपर्यंत नेहमीसारखं वळायचं. ३० ओलांडताना इंजिनाचे शंभर-दीडशे आरपीएम वाढवायचे आणि योक, म्हणजे हातातलं स्टिअरिंग, मागे घ्यायला लागायचं. ४५ वर लोड फॅक्टर, म्हणजे वजनाची पट, १.४१ होतो, म्हणजे ७० किलोच्या पोराला आपण ९९ किलोचे झालो असं वाटतं. हे आधी सांगितलं नाही तर तो दचकून हात सैल सोडतो. स्टॉलचा वेग, ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत, ४८ नॉटवरून ५७ वर जातो, ६० अंशांत ६८ वर. बाहेरचा पंख जास्त वेगाने जातो, जास्त लिफ्ट (पंखांचा उचलणारा जोर) देतो, म्हणून बँक (विमानाचा कल) आपोआप वाढत राहते. ती रोखायला वळणाच्या विरुद्ध एलरॉनचा (पंखांवरच्या कल बदलणाऱ्या पट्ट्यांचा) थोडा दाब लागतो. विमान वळणात घसरत नाही ना हे दाखवणारा बॉल मध्यात ठेवणं पायाने चालणाऱ्या रडरचं काम.

आता मुख्य गोष्ट. नाक घसरलं की विद्यार्थी योक ओढतो. तेवढ्यात बँक ५५-६० वर गेलेली असते. तिथे लिफ्टचा निम्माच भाग विमानाला वर धरतो, त्याहून जास्त भाग त्याला आत खेचतो. त्यामुळे ओढून नाक वर येत नाही, वळण आवळतं, वेग वाढतो आणि विमान स्पायरलमध्ये, म्हणजे गोल फिरत वेगाने खाली, जातं. तुमची चार शब्दांची सूचना आम्ही जशीच्या तशी वापरतो: ‘आधी बँक कमी कर.’ मग ओढ. स्पायरल बसलाच असेल तर आधी पॉवर कमी, मग पंख समतल, मग हळूच नाक वर. ही सूचना लगेच द्यायची नाही, हेही तुमचंच. शंभर फूट जाऊ द्यायचे, दोनशे जाऊ द्यायचे, हात मांडीवर ठेवायचे. अल्टिमीटर (उंचीचा काटा) सुटलाय हे त्याला स्वतः दिसलं पाहिजे. बँक ६० च्या पुढे गेली तर मात्र कंट्रोल आपल्याकडे, तिथे शिकवणं वगैरे काही नाही.

व्हर्टिकल स्पीड इंडिकेटरवर (चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या काट्यावर) कागद चिकटवण्याची युक्तीही अजून चालू आहे. तो काटा सहा ते नऊ सेकंद मागे असतो. त्याच्या मागे लागलेला विद्यार्थी अख्खं वळण, म्हणजे अर्धं मिनिट, वर-खाली करण्यातच घालवतो.

बाहेर येताना ठरवलेल्या हेडिंगच्या २० अंश आधी सुरुवात, आणि पंख समतल होतील तसतसा योक मागे ओढण्याचा दाब सोडत जायचा. दाब सोडायला विसरला की दीडशे फूट चढलाच म्हणून समजा. स्वतःच्याच मागे सोडलेल्या हवेचा धक्का बसला तर विद्यार्थी घाबरतो. त्याला सांगायचं, उंची बरोबर धरली होतीस त्याची ही पावती.

ट्रिमबाबत, म्हणजे योकवरचा दाब हलका करणाऱ्या चाकाबाबत, मात्र आमचं तुमच्याशी अजून जुळलेलं नाही. तुम्ही व्हील मागे फिरवायला लावायचात. आमच्या मते पहिल्या तीन-चार सॉर्टी (उड्डाणं) हातानेच धरू द्यावं, दाब किती लागतो ते हाताला कळतं.

नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेबही तुम्हीच मांडून दिलात. इथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,०३३ फुटांवर. मे महिन्यात ४५ अंश तापमानात तिथेच डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार धरलेली उंची, पाच हजार फुटांच्या आसपास जाते. इंजिनकडे राखीव ताकद उरत नाही, वेग गळतो, विद्यार्थ्याला वाटतं आपण कमी ओढतोय, तो आणखी ओढतो आणि स्टॉल वॉर्निंग वाजतं. त्यात धुळीने क्षितिज पुसलेलं, मग ठिपका जुळवायचा कशाशी? म्हणून नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, स्टीप टर्न सकाळी लवकर, नाहीतर नाहीच. समुद्रसपाटीपासून उंची ४,००० फूट ठेवली तरी जमीन तीन हजार फूटच खाली असते, हेही दर ब्रीफिंगमध्ये सांगावं लागतं. नवख्याला आधी दक्षिणेकडचं सपाट क्षितिज द्यायचं. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा उंचसखल, त्याला ठिपका कुठे धरावा कळत नाही.

पावसाळा सरला की ऑक्टोबरात क्षितिज सुरीने कापल्यासारखं दिसेल. नवी बॅच तेव्हाच ४५ अंशांवर येईल. नागपुरात असलात तर सकाळच्या ब्रीफिंगला या, तर्री पोहे आमच्याकडून, आणि ट्रिमचा वाद तिथेच मिटवू.

आपले,
उजव्या सीटवरचे विद्यार्थी
नागपूर