दुसऱ्या पसंतीचं मत

वेस्ट डे मॉइन, आयोवा
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस आणि मी उत्तर देता देता फोन कट झाला. ट्रम्पसारख्या ज्या माणसाचं नुसतं नाव काढलं तरी घराघरात दोन तट पडतात, त्याला रिपब्लिकनांसारखा एवढा जुना पक्ष अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी देतोच कसा? पक्षात चार जाणती माणसं असतील ना, ती काय करतात? आठवडाभर तुझा प्रश्न डोक्यात घोळतोय. आज सुट्टी आहे, घरात शांतता आहे, म्हणून निवांत लिहायला बसलो.

आधी तुझ्या प्रश्नातला 'देतो' हा शब्द काढून टाक. इथे उमेदवारी कोणी कोणाला देत नाही. आपल्याकडे पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म हातात पडेपर्यंत भल्याभल्यांचा जीव टांगणीला लागतो. तुझ्या तहसीलमध्ये शेवटच्या दिवशी तीनच्या ठोक्याला काय धावपळ चालते ते तूच मला सांगितलंयस. इथे एबी फॉर्म नाही आणि हायकमांडही नाही. न्यू हॅम्पशरमध्ये हजार डॉलर भरले की प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, मतपत्रिकेवर नाव येतं. पक्षाच्या अध्यक्षाला तो माणूस डोळ्यांसमोर नको असला तरी तो काही करू शकत नाही.

पूर्वी असं नव्हतं. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. जाणत्या माणसांनीच ते ठरवलं होतं. शिकागोत अधिवेशन चालू असताना बाहेर रस्त्यावर पोरं पोलिसांच्या लाठ्या खात होती. त्यानंतर पक्षाने नियम बदलायला समिती नेमली, तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न. १९७२ ला नव्या नियमांवर स्वतः मॅकगव्हर्नच उमेदवारी जिंकून आले, जुने पुढारी हात चोळत बसले, आणि नोव्हेंबरात पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं हातची गेली. तुझ्या 'चार जाणत्या माणसां'चं राज्य संपलं ते तिथे.

म्हणजे ठरवणार मतदार. मग प्रश्न उरतो की मतदाराला नेमकं विचारतात काय? माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर येऊन थांबतं, आणि ते मला पुस्तकातून कळलेलं नाही. ते मी एका शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये बसून पाहिलंय.

३ फेब्रुवारी २०२०, संध्याकाळी सात. आयोवाचं डेमोक्रॅटिक कॉकस, म्हणजे उमेदवार ठरवायला भरणारी मतदारांची सभा. मी नागरिक नाही, त्यामुळे मत नाही, पण बघायला कोणीही येऊ शकतं. शेजारच्या आजींना अंधारात गाडी चालवायची नव्हती, म्हणून त्यांना घेऊन गेलो. हॉलमध्ये तीनशेच्या आसपास माणसं. भिंतींवर उमेदवारांच्या नावाचे कागद चिकटवलेले. ज्याला जो हवा त्याने त्या कागदाखाली जाऊन उभं राहायचं. गुप्त मतदान नाही. शेजारी, बायको, पोराच्या शाळेतली बाई, सगळ्यांच्या देखत. मग मोजणी. एकूण लोकांच्या पंधरा टक्के माणसं ज्या कोपऱ्यात नाहीत तो कोपरा बाद. त्या कोपऱ्यातल्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर घरी. ज्यांचा कोपरा पात्र ठरला त्यांनी मात्र जागा सोडायची नाही.

सगळ्यात आधी भरला तो बर्नी सँडर्सचा कोपरा. कॉलेजची पोरं, दवाखान्यातल्या नर्स, एक ट्रकवाला. आवाज त्यांचाच मोठा आणि डोळ्यांत खरी चमक. आजी जो बायडनच्या कागदाखाली, सात-आठ खुर्च्या मांडून बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये. त्यांचा कोपरा थोडक्यात हुकून बाद झाला. आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. सँडर्सचा बिल्ला लावलेला एक पोरगा आजींसमोर गुडघ्यावर बसला. त्याच्या आईच्या इन्सुलिनचा खर्च, दवाखान्याची बिलं, सगळं त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं. आजींनी त्याचा हात हातात घेतला. "बाळा, तू मला आवडलास," त्या म्हणाल्या, "पण तुझा माणूस नाही." आणि काठी टेकत टेकत पीट बुटिजेजच्या कोपऱ्यात गेल्या. त्यांच्यामागून बाकीचे म्हातारेही गेले. दुसऱ्या मोजणीत सँडर्सचा कोपरा तीन माणसांनी वाढला, बुटिजेजचा वीस-बावीसांनी.

त्या रात्री निकाल आलाच नाही, आकडे पाठवायचं ॲप कोलमडलं. नंतर जेव्हा राज्याचे आकडे आले तेव्हा मी ते आमच्या हॉलशी ताडून पाहिले. पहिल्या फेरीत सँडर्स साडेत्रेचाळीस हजारांच्या पुढे, बुटिजेज साडेसदतीस हजारांच्या. दुसऱ्या फेरीत सँडर्सना सुमारे दोन हजारांची भर, बुटिजेजना साडेपाच हजारांहून जास्त. अख्ख्या राज्यात आजींसारखंच घडलं होतं.

दिन्या, तुला हे समजायला एक मिनिटही लागणार नाही. २०२० च्याच डिसेंबरात तू पुणे शिक्षक मतदारसंघाच्या मोजणीला होतास. पहिल्या पसंतीत कोणी जिंकायला लागणाऱ्या मतांच्या कोट्यापर्यंत पोचलं नाही, मग खालून एकेक उमेदवार बाद करत त्याचे गठ्ठे सोडायचे, दुसरी पसंती बघायची, पुन्हा वाटायचे. झोपेने डोळे जळजळत होते असं तू लिहिलं होतंस. फूट पाडणारा उमेदवार म्हणजे दुसरं काय? ज्याची पहिल्या पसंतीची मतं घट्ट असतात आणि दुसऱ्या पसंतीची जवळजवळ नसतात, तो. त्याच्यासाठी जीव टाकणारे खूप, आणि 'हा नाही तर तो चालेल' म्हणून त्याच्याकडे येणारे फार थोडे. अशा माणसाला उमेदवारी मिळेल की नाही हे त्याचा द्वेष किती जण करतात यावर ठरत नाही. मतदाराला दुसरी पसंती विचारली जाते की नाही, यावर ठरतं.

आणि प्रायमरीत ती विचारत नाहीत. एक नाव, एक खूण, संपलं.

२०१६ चं रिपब्लिकन गणित या नजरेने बघ. सतरा उमेदवार. डोनाल्ड ट्रम्प आमच्या आयोवात दुसरे आले, टेड क्रूझ पहिले. न्यू हॅम्पशर ट्रम्पनी पस्तीस टक्क्यांवर जिंकलं. साउथ कॅरोलायनात त्यांना साडेबत्तीस टक्के मिळाले. मार्को रुबिओ आणि क्रूझ दोघेही साडेबावीसच्या आसपास. तीनातल्या दोन मतदारांनी दुसऱ्या कोणाला मत दिलं होतं, पण त्या राज्याचे पन्नासच्या पन्नास डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, ट्रम्पच्या खात्यात गेले. फ्लोरिडात निम्म्यापेक्षा कमी मतांवर नव्व्याण्णव डेलिगेट. १९ एप्रिलला त्यांचं न्यूयॉर्क येईपर्यंत एकाही राज्यात त्यांना पन्नास टक्के मतं नव्हती. डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, रिपब्लिकनांच्या बऱ्याच राज्यांत जिंकणारा सगळं किंवा बहुतेक घेऊन जातो. मतविभागणीचा फायदा काय असतो ते महाराष्ट्राच्या माणसाला मी काय शिकवणार!

मग बाकीच्यांनी एकी का केली नाही? प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने बसावं. एप्रिलच्या शेवटी क्रूझ आणि जॉन केसिक यांनी जाहीर समझोता केला: इंडियाना तुला, ऑरेगन आणि न्यू मेक्सिको मला. पण आपल्या मतदारांना 'त्याला मत द्या' असं तोंडाने म्हणायची केसिकची तयारी नव्हती. समझोता काही दिवसांतच विरला. ३ मेला इंडियाना ट्रम्पनी जिंकलं, क्रूझ त्याच रात्री बाहेर, केसिक दुसऱ्या दिवशी.

चार वर्षांनी डेमोक्रॅट त्याच वळणावर उभे होते. सँडर्स न्यू हॅम्पशर जिंकले, नेवाडा तर दणक्यात जिंकले. लास व्हेगासच्या वादसभेत सगळ्यांना विचारलं होतं, कोणालाच निम्मे डेलिगेट मिळाले नाहीत तर सर्वांत पुढे असणाऱ्यालाच उमेदवारी द्यायची का? फक्त सँडर्स हो म्हणाले, बाकी सगळे नाही म्हणाले. तो प्रश्न पहिल्या पसंतीचा आणि दुसऱ्या पसंतीचाच होता. मग २९ फेब्रुवारीला बायडननी साउथ कॅरोलायना जिंकलं. १ मार्चला बुटिजेजनी माघार घेतली, २ मार्चला एमी क्लोबुशारनी, आणि दोघांनीही बायडनना पाठिंबा दिला. ३ मार्चला चौदा राज्यांपैकी दहा बायडनची. आयोवात चौथा आणि न्यू हॅम्पशरमध्ये पाचवा आलेला माणूस! जे रिपब्लिकनांना तीन महिन्यांत जमलं नाही ते यांनी बहात्तर तासांत केलं. मतपत्रिका दुसरी पसंती विचारत नव्हती, म्हणून उमेदवारांनी स्वतःच बाद होऊन आपले गठ्ठे सोडले.

त्या गुडघ्यावर बसलेल्या पोराबद्दल मात्र मला अजून वाईट वाटतं. त्याच्या बाजूने बघितलं तर सगळ्यांनी मिळून त्याच्या माणसाला पाडलं, आणि आईच्या इन्सुलिनची गोष्ट तिथेच राहिली. त्याचं दुःख खोटं नव्हतं. बहुसंख्यांना चालेल असा माणूस निवडणं न्याय्य आहे असं मला मनापासून वाटतं, पण जो कोणाचीच पहिली पसंती नाही असा गुळमुळीत माणूस निवडून आला तर त्या पोराने पुढच्या वेळी हॉलमध्ये का यावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तुझ्या अण्णांना एक आठवण करून दे. १९६९ ची आपली राष्ट्रपतिपदाची निवडणूक. काँग्रेस तेव्हा ज्या नावावरून फुटली ते व्ही. व्ही. गिरी, समोर पक्षाचे अधिकृत नीलम संजीव रेड्डी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव १,१२,७६९. कोणालाच कोटा नाही. दुसऱ्या पसंतीची मतं वाटली तेव्हा रेड्डींच्या पारड्यात जवळपास ब्याण्णव हजार पडली आणि गिरींच्या साडेअठरा. तरीही गिरी जिंकले, ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. म्हणजे पहिल्या पसंतीची आघाडी पुरेशी मोठी असेल तर दुसरी पसंती विचारूनही तट पाडणारा माणूस निसटतो. पण किती जवळून! आणि निदान विचारलं तरी होतं. चिंतामणरावांना मत देणाऱ्याचं म्हणणं शेवटच्या फेरीपर्यंत मोजलं गेलं.

आता यंदाचं. १५ जानेवारीला उणे वीसच्या थंडीत इथल्या रिपब्लिकनांचं कॉकस झालं. त्यांच्याकडे कोपरे नसतात, चिठ्ठीवर नाव लिहायचं. ट्रम्पना एक्कावन्न टक्के. आयोवाच्या नव्व्याण्णवपैकी अठ्ठ्याण्णव काउंट्या त्यांच्या, उरलेली एक प्रतिस्पर्धी निकी हेलींना, तीही एका मताने! २०१६ चं मतविभागणीचं उत्तर इथे लागू पडत नाही. विरोधक एक झाले असते तरी हरलेच असते. देशात तट पाडणारा माणूस पक्षाच्या आत आता तट पाडत नाही, हे मला मान्य करावं लागतं. आठ वर्षांत नाराज माणसं पक्षातून निघून गेली, नाहीतर गप्प बसली. म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पहिल्यांदा अशा माणसाला उमेदवारी मिळते ती इतरांच्या फुटीमुळे. दुसऱ्यांदा मिळते तेव्हा फूट शोधू नकोस, पक्षच बदललेला असतो. एकदा मिळालेली उमेदवारी पक्षाला आपल्या साच्यात ओतते. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

आणि डेमोक्रॅटांचं ते कोपऱ्यांचं कॉकस? तेही संपलं. पक्षाने पहिल्या क्रमांकाचा मान साउथ कॅरोलायनाला दिला, तिथे कालच मतदान झालं. आयोवात आता पोस्टाने कार्ड येतं. एका दृष्टीने बरंच झालं. रात्रपाळीवाल्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना त्या हॉलमध्ये कधी येताच आलं नव्हतं. गेल्या आठवड्यात आजी ते कार्ड घेऊन आल्या. चष्मा लावून उलटसुलट पाहिलं, मग म्हणाल्या, "एवढंच? आणि हा बाद झाला तर मी कुठे जायचं ते कुठे लिहू?" कार्डावर तशी जागाच नाही. त्यांनी एका चौकोनात खूण केली आणि पाकीट माझ्याकडे टपालात टाकायला दिलं.

आमची लेक २०२८ मध्ये अठरा पूर्ण करेल. माझं ग्रीन कार्ड त्या वर्षापर्यंत येईल न येईल, पण ती इथे जन्मली, तिचं मत पक्कं. ती या सगळ्यात फार रस घेते. आजींना आणि तिला मी सांगितलं की माझा मित्र अशा निवडणुकीत मोजणीला बसतो, जिथे प्रत्येक पसंती आकड्याने लिहितात. दोघींनी शंभर प्रश्न विचारले आणि मला निम्म्यांची उत्तरं आली नाहीत. गठ्ठे किती किती मतपत्रिकांचे बांधता? बाद झालेल्याच्या मतपत्रिकेवर दुसरी पसंती लिहिलेलीच नसेल तर ती कुठे ठेवता? रोमन आकडा चालतो का? दोन उमेदवार तळाला समसमान आले तर आधी कोणाला बाद करता? एवढं मला सविस्तर लिहून पाठव. हाताने लिही आणि फोटो पाठव, तुझं अक्षर लेकीला दाखवायचंय.

वहिनींना नमस्कार, अण्णांना साष्टांग.

तुझा,
पक्या