ग्रंथालयातला खोडरबर आवरा

मा. कला व संस्कृती मंत्री,
गोवा राज्य, पणजी

महोदय,

गणिती व इतिहासकार दामोदर कोसंबींच्या नावाने आपले खाते विचार महोत्सव भरवते. त्यांचा ग्रंथसंग्रह ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात सुखरूप आहे. पण प्रत्येक लेखकाच्या संग्रहातली पुस्तके विद्यापीठात जात नाहीत. बरीचशी घर विकताना गोणीत भरून गावच्या ग्रंथालयात येतात आणि तिथे त्यांची ‘सफाई’ होते.

एका ग्रंथालयात मी हे पाहिले. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी कर्मचारी मन लावून खोडत होता. ‘पुस्तक खराब केलंय कुणीतरी,’ म्हणाला. त्याचा काय दोष? ‘पुस्तकावर लिहू नये’ हा शिक्का आपणच मारतो. उरलेल्या नोंदी बांधणीवाला कडा छाटताना कापून टाकतो. त्यातूनही वाचलेली प्रत ‘आपल्याकडे आहे ही’ म्हणून रद्दीत जाते.

लेखक मुलाखतीत वाचनाबद्दल काहीही सांगू दे, खरे काय ते समास सांगतो. कुठे रेघ ओढली, कुठे प्रश्नचिन्ह टाकले, कुठे वैतागून ‘छे!’ लिहिले. पोर्तुगीज काळातल्या कित्येक पुस्तकांची पाने जोडलेलीच असत, वाचणाऱ्याने सुरीने कापायची. साठाव्या पानापुढे ती कापलेलीच नसतील तर वाचन तिथेच थांबले, हे वेगळे सांगायला नको.

फ्रेंच गणिती फर्मा याचा ‘शेवटचे प्रमेय’ म्हणून प्रसिद्ध असलेला दावा एका पुस्तकाच्या समासातच लिहिलेला होता. ती प्रत आज हरवली आहे. मुलाने १६७० मध्ये वडिलांच्या नोंदी छापल्या, म्हणून दावा जगाला कळला. डार्विनच्या पुस्तकांतल्या नोंदी तर केंब्रिजने पानापानाची छायाचित्रे काढून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत.

आपल्याकडे एवढा थाट नको. एक परिपत्रक पुरे: देणगीतल्या पुस्तकातले काही खोडू नये, बांधणीत कडा छाटू नयेत, हस्ताक्षर असलेली प्रत दुबार समजू नये. दाखल नोंदवहीत ‘कोणाकडून आले’ आणि ‘समासात नोंदी आहेत’ एवढे लिहावे. कोणाकडून आले, हे विशेष महत्त्वाचे. जुन्या बाजारातून घेतलेल्या पुस्तकात अक्षर आधीच्या मालकाचेही असू शकते आणि मग भलत्याच माणसाचे वाचन लेखकाच्या नावावर चढते.

पेन्सिलीचे शिसे उन्हाने उडत नाही, पाण्याने शाईसारखे पसरत नाही. आपल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरेल, वाळवी लागेल. त्यासाठी वेगळा खर्च लागेलच. या परिपत्रकाला मात्र छदामही लागत नाही. पावसाळ्याआधी घरे आवरताना पुस्तके बाहेर निघतात. त्याआधी परिपत्रक निघावे, ही विनंती.

आपला,
पणजीतील एक वाचक