नवी गाडी, लांबचा रस्ता आणि कोरडा फडका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी दारात येते आणि पुढच्याच सुट्टीत ती कोकणात, गोव्याला, नाहीतर समृद्धीवरून विदर्भाकडे निघते. आठ दिवसांनी परतते तेव्हा बॉनेटच्या पुढच्या कडेवर टवके उडालेले असतात, चाकांमागे डांबराचे काळे ठिपके बसलेले असतात आणि उन्हात तिरके पाहिले तर अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात. मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘डिलिव्हरीच्या वेळीच कोटिंग केले होते, मग असे कसे झाले?’’ गाड्यांच्या रंगकामाशी रोजचा संबंध असल्याने याचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते. या तीनपैकी पहिले नुकसान कोणतेही कोटिंग थांबवू शकत नाही. तिसरे तर बहुतेक वेळा रस्ता करतच नाही, मुक्कामाच्या ठिकाणी फडका करतो.

आधी रंग किती जाड असतो ते पाहू. पत्र्यावरचा गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट हे सगळे मिळून कारखान्यातला रंग साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतो. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो. म्हणजे ऊन, पाऊस, धूळ सोसणारा थर केसापेक्षा पातळ. पॉलिश मारून चरे ‘काढले’ जातात तेव्हा चरा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणला जातो. हे किती वेळा करता येईल याला मर्यादा आहे, म्हणून पहिल्याच वर्षी दोन-तीनदा असे रबिंग, म्हणजे घासून पॉलिश, करून घेणाऱ्यांची आम्हाला काळजी वाटते.

‘नव्या गाडीला तीन महिने वॅक्स लावू नका, रंग अजून ओला असतो’ हा सल्ला अजूनही दिला जातो. तो कारखान्यातल्या रंगाला लागू नाही. तो रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो आणि गाडी ताब्यात येते तेव्हा पूर्ण पक्का झालेला असतो. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग केलेल्या पॅनलवर मात्र हवेत वाळणारा किंवा ६० अंशांच्या आसपास तापवलेला रंग असतो. त्यातले द्रावक उडून जायला एक ते तीन महिने लागतात, तोवर त्यावर वॅक्स, कोटिंग, फिल्म काहीही नको.

आता कोटिंगबद्दल. ‘टेफ्लॉन’ या नावाने जे लावले जाते ते बहुतेक वेळा पॉलिशसारखे सीलंट, म्हणजे रंगावरचा पातळ संरक्षक लेप असते, काही महिने टिकते. सिरॅमिक कोटिंग त्याहून टिकाऊ आणि चांगले, पण त्याचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. पाणी घरंगळते, किडे आणि डांबर सोडवणे सोपे जाते, उन्हात रंग फिका पडणे कमी होते. ८० च्या वेगाने आलेल्या खडीपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. खडीसमोर उभी राहते ती पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, गाडीच्या रंगाच्या सगळ्या थरांपेक्षा जाड. पूर्ण गाडीला ती लावायलाच हवी असे नाही. मार जिथे बसतो तेवढे भाग पुरतात: पुढचा बंपर, पूर्ण बॉनेट, आरशांच्या पाठी, दरवाजांखालची पट्टी, मागच्या चाकांच्या पुढचा फुगीर भाग आणि डिकीच्या तोंडाशी बंपरची वरची कड, जिच्यावरून बॅगा ओढल्या जातात. बॉनेटवर फक्त पुढची फूटभर पट्टी लावली तर तिच्या कडेला मळ धरून रेघ दिसते, म्हणून पूर्ण पॅनल बरे.

फिल्म लावून घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. ती पीव्हीसीची तर नाही ना, कारण स्वस्त पीव्हीसी उन्हात पिवळी पडते आणि काढताना तुकड्या-तुकड्यांनी निघते. ती मशिनवर कापून आणली जाणार की गाडीवरच ब्लेडने कापणार? ब्लेडचा हात जरा जड पडला तर चिरा थेट क्लिअर कोटमध्ये जातात आणि फिल्म काढेपर्यंत कळतही नाहीत. तिसरी, सिरॅमिकही करायचे असेल तर ते फिल्मच्या वर, आधी नाही. खाली गुळगुळीत कोटिंग असले की गोंद नीट धरत नाही. फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवतात, त्यामुळे ते पाणी सुकायला वेळ लागतो. निघण्याच्या आदल्या दिवशी लावून हायवेवर जाऊ नये. निदान आठवडाभर आधी लावावी, पहिले ४८ तास गाडी वेगात पळवू नये आणि सात दिवस धुऊ नये. मधल्या काळात दिसणारे पाण्याचे बारीक फुगे आपोआप जिरतात, त्यांना टाचणी लावू नका.

एवढा खर्च नको असेल तर रंगारी वापरतात ती कमी चिकट मास्किंग टेप बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि आरशांच्या पाठीला लावून जाता येते. दिसायला ओबडधोबड, पण दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला कामाची. त्याहून जास्त दिवस उन्हात ठेवू नका, गोंद भाजून रंगावर बसतो. काढताना गाडी सावलीत कोमट असावी आणि टेप मागे दुमडत सावकाश ओढावी. पार्सल बांधायची तपकिरी टेप मात्र कधीच नको. बॉनेटला घालायचे रेक्झिनचे ‘ब्रा’ही आम्ही सुचवत नाही, आत वाळूचे कण शिरतात आणि वाऱ्याने फडफडत रंग घासतात. चारही चाकांना मडफ्लॅप नसतील तर निघण्याआधी बसवून घ्या, स्वतःच्याच चाकांनी उडवलेली खडी दरवाजांच्या खालच्या भागाला लागते.

एक नाजूक पण महत्त्वाची बाब पूजेची. नव्या गाडीची पूजा व्हावीच, फक्त कुंकवाचे स्वस्तिक बॉनेटच्या रंगावर न काढता काचेवर काढावे, किंवा विड्याचे पान ठेवून त्यावर. बाजारच्या कुंकवात रंगद्रव्य असते. ते ओले होऊन उन्हात वाळले की पांढऱ्या गाडीवर गुलाबी डाग राहतो. नारळ जमिनीवर फोडावा, बंपरच्या कडेवर नाही. जाळीला सुतळीने किंवा तारेने बांधलेला झेंडूचा हार तसाच ठेवून लोक दोनशे किलोमीटर जातात. वाऱ्याने तो सतत आपटत राहतो आणि त्याची तार बंपरवर अर्धवर्तुळाकार पांढरी खूण पाडते. निघण्यापूर्वी हार काढून आत डॅशबोर्डवर ठेवावा. सेलोटेपने चिकटवलेल्या रिबिनीही त्याच दिवशी काढाव्यात.

रस्त्यावरची सर्वांत स्वस्त काळजी म्हणजे अंतर. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पुढचा डंपर ज्या खांबाजवळून गेला तिथे पोहोचायला आपल्याला तीन सेकंद लागले तर मध्ये ६५ मीटर आहेत, आणि तेवढ्यात बहुतेक खडी रस्त्यावर पडून जाते. वेग ७० वरून १०० झाला की आघाताची ऊर्जा दुप्पट होते. मुंबई-गोवा महामार्गावर जिथे कामासाठी वळणरस्ता (डायव्हर्जन) दिलेला आहे आणि नव्या काँक्रीटच्या कडेला सैल खडी पसरलेली आहे, तिथे ३०-४० चा वेग हाच उपाय, आणि मागच्याने हॉर्न वाजवला तरी तो सोडू नये.

मुक्कामाला पोहोचल्यावरचे पहिले काम किडे आणि पक्ष्यांची विष्ठा काढण्याचे. संध्याकाळी दिव्यांवर येणारे किडे बंपरवर चिरडतात, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात भाजतात आणि मग रंगावर त्यांचा ठसा उरतो. मायक्रोफायबरचा कपडा गाडीच्या शाम्पूच्या पाण्यात भिजवून त्या जागेवर पाच-दहा मिनिटे नुसता अंथरून ठेवावा, मग अलगद उचलत पुसावे. भांड्याची हिरवी घासणी किंवा पिवळी जाळी लावली की किडा जातो, पण चरे राहतात. विष्ठेचा ठसा आम्लामुळे उठतो असे सगळे समजतात. तेवढेच कारण नाही. उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन किंचित फुगतो आणि वरची विष्ठा कडक होते. रात्री रंग गार होऊन आकसतो तो त्या कडक खपलीच्या आकाराला धरून. म्हणून दुपारच्या उन्हाआधी ती काढली तर खूण राहत नाही, सायंकाळी काढली तर राहू शकते.

कोकणात सावली म्हणून आंब्याखाली गाडी लावतात. मोहराच्या दिवसांत, साधारण जानेवारी ते मार्च, मोहरावरचे तुडतुडे गोड चिकटा टाकतात आणि सकाळी अख्खे छत चिकट झालेले असते. धूळ त्यावर बसते, मग काळी बुरशी धरते. हा चिकटा कोमट पाण्यात सहज विरघळतो, कोरडा पुसला तर धुळीसकट घासला जातो. जांभळाखाली आणि उंबराखाली तर गाडी लावूच नये.

आता फडका. हॉटेलचा रखवालदार पहाटे बादलीभर पाणी आणि एकच फडका घेऊन दहा गाड्या पुसतो. तो मनापासून काम करतो, पण पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीवर त्याच फडक्याने जाते. रात्री उतरतानाच त्याला नम्रपणे सांगावे, ‘‘दादा, आमच्या गाडीच्या फक्त काचा पुसा,’’ आणि त्याचे पैसे मात्र पूर्ण द्यावेत. झटकायचा लांब दांड्याचा डस्टरही तसाच. धूळ उडत नाही, रंगावरून ओढली जाते. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घालणे त्याहून वाईट, कारण वारा रात्रभर ते कव्हर घासत राहतो.

डिकीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन, शाम्पूचे पाणी भरलेली अर्धा लिटरची स्प्रे बाटली आणि सहा मायक्रोफायबर कपडे असावेत: चार रंगासाठी, दोन वेगळ्या रंगाचे चाकांसाठी. कपड्यांची लेबले कापून टाका, त्यांच्या कडा ओरखडतात. पूर्ण धुवायची असेल तर गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागल्यावरच. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली सगळी माती वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. प्रत्येक पॅनल झाला की हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत. दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. कपड्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, वॅक्स निघून जाते. शेवटी लगेच टिपून घ्यावे. बोअरचे पाणी रंगावर वाळले की क्षारांचे पांढरे वर्तुळ उरते. ते ताजे असेल तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन मिनिटभर लावावे आणि धुऊन टाकावे. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरचा फवारा मारून घेताना नोझल दीड फुटाच्या आत येऊ देऊ नका, विशेषतः फिल्मच्या कडा आणि उडालेले टवके यांच्याजवळ; पाणी कडेखाली शिरून रंग सोलते.

डांबराचे ठिपके नखाने खरवडू नयेत. टार रिमूव्हर, नाहीतर थोडे रॉकेल कपड्यावर घेऊन मिनिटभर टेकवावे, डांबर तपकिरी होऊन ओघळू लागले की टिपावे आणि ती जागा शाम्पूने धुवावी. थिनर अजिबात नको. जांभ्याची लाल माती ओली असतानाच वाहवून टाकावी, वाळल्यावर ती सँडपेपरच. समुद्रकाठी राहून आलात तर घरी पोहोचताच गोड्या पाण्याने चाकांच्या कमानी आणि गाडीची खालची बाजू धुऊन घ्या. गाडी पुळणीवर तर नेऊच नये.

इतके करूनही टवका उडाला तर बंपरवरच्याची दुरुस्ती थांबू शकते, बंपर प्लॅस्टिकचा असतो. बॉनेटवर पत्रा दिसत असेल तर पावसाळ्यात काही दिवसांत तांबूस ठिपका येतो. प्रवासात असाल तर जागा कोरडी करून पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब टेकवा, ही तात्पुरती सोय. घरी आल्यावर तो काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसायची, टूथपिकच्या टोकाने प्रायमरचा थेंब, तो वाळल्यावर टच-अपचा रंग दोन पातळ हातांत अर्ध्या तासाच्या अंतराने, आणि शेवटी क्लिअर. रंगाचा कोड बहुधा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या किंवा इंजिनाजवळच्या पट्टीवर असतो, नुसते ‘पांढरा’ सांगून चालत नाही. एका तांदळाएवढ्या टवक्यासाठी पूर्ण बॉनेट रंगवून घेऊ नका. कारखान्याच्या भट्टीतला रंग पुन्हा मिळत नाही.

आपल्या वृत्तपत्रामार्फत महामार्गाच्या आणि परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. खडी आणि वाळू वाहणारी गाडी झाकलेली असली पाहिजे, असा नियम आहे. पण अनेक डंपरवर ताडपत्री एका टोकाला गुंडाळून ठेवलेली असते. टोलनाक्यावर डंपर थांबवणे सोपे आहे. तिथेच ताडपत्री बांधल्याशिवाय त्याला पुढे सोडू नये, आणि वळणरस्त्यांवरची सैल खडी कंत्राटदाराने रोज झाडून घ्यावी. त्या खडीने फक्त रंग जात नाही, मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावरही तीच बसते.

आपले विश्वासू,
गाड्यांच्या रंगकामाच्या व्यवसायातील काही वाचक, पुणे