मांडीवरच्या बाळाचं गणित : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी नववीला विज्ञान शिकवते. गेल्या रविवारी सिग्नलला शेजारच्या गाडीत, पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर वर्षभराचं बाळ उभं होतं. दोन्ही तळवे डॅशबोर्डला टेकवून वायपरकडे टक लावून बघत होतं. आईने त्याला कमरेला घट्ट धरलं होतं. त्या ‘घट्ट’साठीच हे पत्र.

संवेग (वस्तुमान गुणिले वेग) बदलण्याचा दर म्हणजे बल, हे आम्ही मुलांकडून घोकून घेतो. तेच या बाळाला लावून पाहा. वजन 10 किलो. गाडी ताशी 50 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साधारण 14 मीटर. संवेग 140. भिंतीवर धडकली की गाडीचं नाक चेपतं आणि ती सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात थांबते. 140 भागिले 0.1, म्हणजे 1400 न्यूटन; साधारण 10 न्यूटन म्हणजे एक किलोचा भार. आईच्या हातांना एकदम 140 किलोचा हिसका. सिमेंटच्या जवळजवळ तीन गोण्या, तेही बेसावध असताना. कुठल्याच आईला हे पेलणार नाही. बाळ सुटतं आणि त्याच वेगाने डॅशबोर्डवर आदळतं. तिथे थांबायला दहापट कमी वेळ मिळाला, तर बल दहापट. तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यासारखाच हा वेग आहे. त्यात समोरची एअरबॅग उघडली तर तिचा तडाखा आणखी वेगळा.

मागच्या सीटवर, तोंड मागे करून बसवलेल्या बालआसनात बाळ गाडीशी बांधलेलं असतं. थांबायला त्याला गाडीइतकाच वेळ मिळतो आणि बल सगळ्या पाठीवर पसरतं. नाजूक मान वाचते.

कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 194ब सांगतं : 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित नसेल, तर 1000 रुपये दंड. पण नाकाबंदीत चालकाचा पट्टा बघतात. मांडीवरच्या बाळासाठी पावती फाडलेली मी अजून पाहिलेली नाही.

साहेब, नाकाबंदीत मागच्या काचेतूनही डोकवायला सांगा. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत यावर एक प्रश्न हमखास ठेवा. आणि नव्या गाडीची नोंदणी होताना घरात लहान मूल आहे का, एवढं विचारून हे गणित हातात द्या. ते एका पानात बसतं. मी लिहून द्यायला तयार आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका